गावचं घर घेताय? आधी मोजणी, मग इसार

घर आवडतं. चिऱ्याच्या भिंती, पुढे खळं, मागे दोन कलमं आणि एक फणस. मालक मुंबईहून दोनच दिवसांसाठी आलेला असतो, म्हणून घाईघाईने इसार दिला जातो. मग वकील शोधला जातो. मोजणीचं नाव निघतं ते खरेदीखत होऊन वर्ष उलटल्यावर, शेजाऱ्याने "तुमची न्हाणी आमच्या हिश्शात आहे" असं सांगितल्यावर.

हा क्रम उलटा आहे. सुलटा कसा करायचा ते खाली टप्प्याटप्प्याने लिहितो. उदाहरणं रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडची आहेत, कारण जुन्या घरांची खरेदी तिथे जास्त होते आणि घोटाळेही तिथेच जास्त होतात. घाटावर कागद तेच असतात, फक्त चिऱ्याच्या जागी काळा दगड किंवा पांढरी माती येते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ‘सर्व्हे करून घेतला’ असं लोक सांगतात तेव्हा त्याचे दोन अर्थ निघतात. एक, जमिनीची मोजणी. हद्दीच्या बाबतीत ती भूमी अभिलेख खात्याचीच लागते. दुसरा, घराची तपासणी. ती सिव्हिल इंजिनीअर करतो. मोजणीदार छप्पर बघत नाही आणि इंजिनीअरच्या टेपने हद्द ठरत नाही. दोन्ही कामं करून घ्यायची आहेत, आणि त्याच्याही आधी कागद वाचायचे आहेत.

## टप्पा १: घर कशावर उभं आहे?

पुढची सगळी प्रक्रिया या उत्तरावर ठरते, म्हणून इथे घाई करू नका. चार शक्यता असतात.

गावठाणातलं घर. याला बहुधा सातबारा नसतो. मोठ्या गावांत सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका असते. लहान गावांत बरीच वर्षं ग्रामपंचायतीच्या नोंदीशिवाय दुसरा कागदच नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊ लागली आणि घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. तुमच्या गावात ते काम पूर्ण झालंय का, हे तालुक्याच्या मोजणी ऑफिसात विचारा. असं घर शेतकरी नसलेल्या माणसालाही घेता येतं.

सातबाऱ्यावरच्या जमिनीतलं घर. कोकणात वाड्या विखुरलेल्या असल्यामुळे बहुतेक घरं याच प्रकारात मोडतात. जमीन बिनशेती झालेली नसेल तर कागदावर ती शेतजमीनच राहते, तिच्यावर चौसोपी वाडा का असेना. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे अशी जमीन शेतकऱ्यालाच विकता येते. तुमच्या नावावर महाराष्ट्रात कुठेही सातबारा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मोजणीवर पैसे घालण्याआधी इथेच थांबा.

घर एकाचं, जमीन दुसऱ्याची. जुन्या काळी जमीनदाराने ‘बांध हो इथे’ म्हटलं आणि घर उभं राहिलं. घरपट्टी तीन पिढ्या विकणाऱ्याच्या नावाने भरली जाते, पण सातबारा भलत्याच आडनावाचा निघतो. विकणारा खोटं बोलत नसतो. त्याला स्वतःलाच ते माहीत नसतं.

समाईक घर. आजोबांचं घर, सात वारस, त्यातले तिघे मुंबईत, एक अमेरिकेत. विकायला पुढे आलेला एकच. त्याचा अविभक्त हिस्सा तुम्ही घेतलात तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे कुटुंबाबाहेरच्या माणसाला त्या राहत्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. म्हणजे पैसे तुमचे, आणि माजघरात राहणार चुलते. सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र हातात नसेल तर पुढे जाऊ नका.

> सावधान: ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे असेसमेंट उतारा, आणि तलाठ्याचा ८ अ हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला घरपट्टीच्या आकारणीचा, दुसरा खातेदाराच्या एकूण जमिनीचा. ‘आठचा उतारा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कुठला आठ ते बघा. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही.

## टप्पा २: मोजणीआधी हातात असायचे कागद

सातबारा महाभूमीच्या ‘डिजिटल सातबारा’ या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा काढा, पंधरा रुपयांत मिळतो. मालकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो चालवून घेऊ नका. मला एकदा अशा फोटोत ‘इतर हक्क’ हा रकानाच कापलेला मिळाला होता.

सातबाऱ्यावर पुढच्या क्रमाने नजर फिरवा.

१. भोगवटादार वर्ग. वर्ग २ असेल तर विक्रीला शासनाची परवानगी लागते. देवस्थान इनाम असेल तर व्यवहार विसरा.

२. इतर हक्क. कुळाचं नाव, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, विहिरीचा हिस्सा, वाटेचा हक्क, दुसऱ्याच्या मालकीची झाडं हे सगळं इथे सापडतं. सिंधुदुर्गात ‘वनसंज्ञा’, ‘आकारीपड’, ‘कबुलायतदार गांवकर’ असे शब्द दिसले तर सरळ वकिलाकडे जा. ही प्रकरणं दशकानुदशकं चालली आहेत आणि ती तुमच्या खरेदीने सुटणार नाहीत.

३. क्षेत्र. ते हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. इथे एक नेहमीची चूक होते: लोक आर आणि गुंठा एकच धरतात. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. फरक सुमारे तेरा चौरस फुटांचाच, पण वीस गुंठ्यांवर तो सुमारे २५० चौरस फूट होतो, म्हणजे एक अख्खी पडवी. भाव गुंठ्याने ठरला आणि कागदावर आर आला तर तेवढे पैसे जास्त जातात.

सातबाऱ्यासोबत त्यावर आकडे असलेले सगळे फेरफार (मालकी-हक्कातल्या बदलांच्या नोंदी), आकारबंदाची (मोजणी खात्याच्या दप्तरातल्या क्षेत्राच्या तक्त्याची) नक्कल, गावचा नकाशा आणि त्या गटाचा किंवा हिश्शाचा नकाशा घ्या. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आकारबंदाशी जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर आधी मालकाने दुरुस्ती करून घ्यायची, मग मोजणी. ऑनलाइन भूनकाशा अंदाजासाठी ठीक आहे, त्यावरून हद्द ठरवू नका.

आणखी एक अडचण हिश्शाची. सातबारा हिस्सा नंबर ३ चा वेगळा आहे, पण नकाशावर तो हिस्सा पाडलेलाच नाही, असं सर्रास आढळतं. वाटणी तोंडी झाली, फेरफार पडला, मोजणी खात्याच्या दप्तरात हा बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक कधी झालंच नाही. अशा जमिनीची हद्द कायम मोजणी, म्हणजे हद्दीच्या खुणा जागेवर दाखवणारी मोजणी, होऊ शकत नाही, आधी पोटहिस्सा मोजणी लागते आणि तिथे सगळे सहधारक लागतात. हे काम कित्येक महिने खातं. ते मालकाने करायचं आहे, तुम्ही नाही.

> तपासा: विकायचा तुकडा मोठ्या गटातला लहान भाग असेल तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी येते का ते वकिलाला विचारा. त्यातले नियम अलीकडे बदलले आहेत, गावातल्या जुन्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

## टप्पा ३: मोजणीदार येण्याआधी तुमची स्वतःची फेरी

हा टप्पा फुकट आहे आणि तोच लोक गाळतात.

मालकाला सोबत घेऊन हद्दीवरून चाला. त्याला फक्त एवढंच म्हणा, "दाखवा कुठून कुठपर्यंत." जिथे तो अडखळतो, "साधारण त्या काजूपर्यंत" असं म्हणतो, तिथे वहीत खूण करा. मग तेच शेजाऱ्याला विचारा, पण मालक सोबत नसताना. गडगा म्हणजे हद्द असं समजू नका. गडगे गुरं अडवायला घालतात, हद्द दाखवायला नाही, आणि दर दुरुस्तीला ते हातभर सरकतात.

मोबाइलवर हद्दीच्या कोपऱ्यांची जागा टिपून ठेवा. ही मोजणी नव्हे, पण नंतर क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, आली की ताडून बघायला उपयोगी पडते. कागदावर एक हातचित्र काढा: घर, न्हाणी, संडास, विहीर, गोठा, मांगर, मोठी झाडं, येण्याची वाट, पाणी वाहून जाणारा पऱ्या. प्रत्येकापुढे लिहा: मालकाच्या म्हणण्याप्रमाणे आत की बाहेर.

खाजगी सर्व्हेअर आणायचा असेल तर तो याच टप्प्यावर. त्याचा नकाशा घराच्या आराखड्यासाठी आणि उतार समजण्यासाठी चांगला, मोठ्या तफावतीही तो आधीच दाखवतो. पण वाद झाला तर त्याच्या नकाशाने हद्द ठरत नाही.

## टप्पा ४: मोजणीचा अर्ज, आणि तो कोणी करायचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अर्ज खातेदारानेच करायचा असतो. तुम्ही अजून कोणीच नाही. ‘मी पैसे भरतो, माझ्या नावाने मोजा’ असं म्हणून चालत नाही. म्हणूनच मोजणी व्यवहाराच्या अटीत बसवावी लागते.

व्यवहार अशा क्रमाने करा: मालकाशी भाव बोला, पण पैसे देऊ नका. मालकाच्या नावाने ई-मोजणीवर (भूमी अभिलेख खात्याच्या ऑनलाइन सेवेवर) हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, फी तुम्ही भरा. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीची फी बरीच जास्त असते. त्या दिवशीचा दरतक्ता बघूनच चलन काढा. पावसाळ्याच्या तोंडावर केलेला अर्ज रेंगाळतो, कारण भातशेती उभी असते आणि रान माजलेलं असतं. दिवाळीनंतर अर्ज केला तर मोजणी उन्हाळ्याच्या आत होण्याची आशा असते.

मालक ‘काहीतरी तरी द्या’ म्हणाला, तर इसार लहान ठेवा आणि इसारपावतीत साधारण असा मजकूर घाला. वकील त्याला हवी ती भाषा देईल, मुद्दा राहू द्या:

> "सदर मिळकतीची हद्द कायम मोजणी लिहून देणार यांनी स्वतःच्या नावे अर्ज करून करून द्यावयाची आहे, मोजणी फी लिहून घेणार भरतील. मोजणीच्या ‘क’ प्रतीत घर, विहीर किंवा वहिवाटीची वाट विक्रीच्या हिश्शात न आढळल्यास, अथवा क्षेत्र कमी आढळल्यास, लिहून घेणार यांना व्यवहार रद्द करून इसाराची संपूर्ण रक्कम परत घेण्याचा किंवा प्रत्यक्ष क्षेत्रानुसार किंमत कमी करून घेण्याचा हक्क राहील."

मालक या अटीला तयार होत नसेल, तर त्याला कारण विचारा. उत्तरावरून पुष्कळ कळतं.

अर्जात लगतच्या खातेदारांची नावं आणि पत्ते लागतात, त्यांना नोटीस जाते. इथे गावचे पत्ते घालून मोकळं होऊ नका. शेजारी विरार-डोंबिवलीत असतो, गावच्या बंद घरावर नोटीस पडून राहते, आणि नंतर तो "मला कळवलंच नाही" म्हणून हरकत घेतो. प्रत्येकाचा मुंबईचा पत्ता आणि फोन मिळवा, नोटीस निघाली की स्वतः फोन करून तारीख सांगा.

## टप्पा ५: मोजणीचा दिवस

आठवडाभर आधी हद्दीची साफसफाई करून घ्या. करवंदीच्या जाळीत कोणी यंत्र नेत नाही. गडी सांगून हद्दीलगतची पट्टी बेणून ठेवा, चुना, खुंट्या आणि कोपऱ्यांना रोवायला चिरे तयार ठेवा. मोजणीदार खुणा दाखवून जातो, त्या कायम करणं आपलं काम.

आजकाल मोजणी रोव्हरने होते, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या यंत्राने. माडांच्या आणि जुन्या आंब्यांच्या दाट सावलीत त्याला संकेत नीट मिळत नाही, तिथे ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्र लागतं. बाग दाट असेल तर हे ऑफिसला आधी सांगा, नाहीतर त्यांची एक फेरी आणि तुमचा महिना जातो.

त्या दिवशी तुम्ही हजर असायलाच हवं. करायच्या गोष्टी मोजक्या:

- तुमचं हातचित्र मोजणीदाराला दाखवा आणि घर, न्हाणी, विहीर, वाट ही सगळी नकाशावर यावीत अशी मालकाकरवी विनंती करा. फक्त चार कोपरे मोजून गेले तर तुमचा मुख्य प्रश्न तसाच राहतो.
- मोजणी कुठल्या जुन्या, पक्क्या खुणेवरून सुरू झाली ते विचारून लिहून ठेवा.
- प्रत्येक कोपऱ्याच्या खुणेचा फोटो घ्या, मागे घर किंवा ओळखीचं झाड दिसेल असा.
- लगतवाल्यांचे जबाब होतात तिथे उभे राहा. कोणाची हरकत असेल तर ती त्याच दिवशी कळलेली बरी.

आणि एक न करायची गोष्ट. मोजणीदाराशी किंवा शेजाऱ्याशी जागेवर हुज्जत घालू नका. तुम्ही होणारे शेजारी आहात. गावात वीस वर्षं राहायचं असेल तर पहिल्या दिवशीचा आवाज लोक विसरत नाहीत.

> सावधान: मालक म्हणेल, "मोजणी झाली, सगळं बरोबर आहे, क प्रत येईल नंतर, आता खरेदी उरकू." क प्रत हातात येईपर्यंत मोजणी झाली असं धरू नका.

## टप्पा ६: क प्रत कशी वाचायची

नकाशावर अभिलेखाप्रमाणे असलेली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. कुठली रेषा कशाची, हे खालच्या टिपांत लिहिलेलं असतं. आधी टिपा वाचा, मग नकाशा.

दोन रेषा जुळल्या तर उत्तम. थोडा फरक असतोच. मूळ मोजणी शंकू-साखळीने झालेली, आजची उपग्रहाने, फूट-दोन फूट इकडेतिकडे होण्यावरून झोप घालवू नका. प्रश्न असा विचारा: त्या फरकाच्या पट्ट्यात काय आहे? नुसतं रान असेल तर सोडून द्या. न्हाणी, विहिरीचा काठ, संडासाची टाकी किंवा एकुलती एक वाट असेल तर तो फूट-दोन फूट म्हणजेच घर.

तीन प्रसंग वारंवार येतात.

*विकणाऱ्याचं बांधकाम शेजाऱ्याच्या हद्दीत.* शेजाऱ्याकडून तेवढा पट्टा मालकाने आधी खरेदी करून घ्यावा, किंवा तो भाग पाडून द्यावा. ‘नंतर बघू’ म्हणजे तुम्ही बघणार.

*शेजारी विकणाऱ्याच्या हद्दीत.* मोजणीने अतिक्रमण दिसतं, निघत नाही. ते काढायला दिवाणी कोर्टात जावं लागतं. तेवढं क्षेत्र किमतीतून वजा करा आणि खरेदीखतात तसं लिहा. कोर्टाची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

*घरच दुसऱ्या हिश्शात.* वाटत नाही इतकं हे होतं. माझ्या ओळखीतल्या, घर घ्यायला निघालेल्या एका कुटुंबाला क प्रत आल्यावर कळलं की ओटी आणि माजघर विकणाऱ्याच्या हिश्शात आहे, पण स्वयंपाकघर त्याच्या चुलत घराण्याच्या. वाटणी करताना विकणाऱ्याच्या आजोबांनी जमीन पावलांनी मोजली होती. मोजणी इसाराआधी झाली होती म्हणून ते नुसते परत आले.

मोजणी चुकली आहे असं मालकाला किंवा लगतवाल्याला वाटलं तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते. लगतवाल्याने ती मागितली असेल तर निकाल येईपर्यंत खरेदी थांबवा.

## टप्पा ७: घराची तपासणी

जमीन निभावली तरच इकडे वळा. इंजिनीअर निवडताना एक प्रश्न विचारा: चिऱ्याच्या मातीकामातली आणि कौलारू घरं तुम्ही दुरुस्त केली आहेत का? ज्याने फक्त स्लॅबच्या इमारती केल्या तो प्रत्येक जुन्या घरासमोर "पाडा आणि नवीन बांधा" म्हणतो. सोबत गावातला जुना सुतार घ्या. त्याची दिवसाची मजुरी द्या. लाकडाबाबत त्याचा शब्द इंजिनीअरपेक्षा खरा निघतो.

जायचं कधी? एकदाच जाणार असाल तर भर पावसात, जुलैमध्ये. मे महिन्यात कुठलंही घर कोरडंच दिसतं. दोनदा जमलं तर मे आणि जुलै.

छप्पर. माळ्यावर बॅटरी घेऊन चढा. वाशांची भिंतीत गेलेली टोकं आधी बघा, कुजायला सुरुवात तिथूनच होते. पेचकसाचं टोक दाबा, सहज आत गेलं तर लाकूड गेलं. हातोडीने वाजवा, पोकळ आवाज आला तर आत वाळवी. भिंतीवरून वर गेलेल्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे जिवंत वाळवी, लाकडाखाली पिठासारखा भुसा म्हणजे भुंगा. साग, फणस, किंजळ टिकतात, नंतर कोणी घातलेले हलक्या लाकडाचे वासे आधी जातात. कौलं फुटलेली असणं ही किरकोळ बाब, आढं मध्ये झुकलेलं असणं ही मोठी. अर्धं छप्पर कौलांचं आणि अर्धं पत्र्याचं दिसलं तर विचारा कधी आणि का बदललं. रायगडच्या किनाऱ्यावर उत्तर बहुधा २०२० चं निसर्ग वादळ असतं, आणि तेव्हा वरवर बांधलेले वासे तसेच असतात.

भिंती. ओळंबा सोडा. भिंत बाहेरच्या बाजूला पोटासारखी फुगली असेल तर ती रंगवून भागत नाही. खालच्या दोन-तीन थरांत लोणा लागलाय का, चिरा बोटाने खरवडून भुगा होतो का ते पाहा. मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारलेला असेल तर ओल आत कोंडते आणि गिलावा तिला झाकतो. भेगा असतील तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या आधी टिपा. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा, महिन्याने पट्टी तडकली असेल तर भिंत अजून सरकतेय.

> सावधान: नुकताच रंग दिलेलं जुनं घर म्हणजे लपवलेलं घर, असं धरून चाला. चूक निघाली तर आनंद आहे.

स्लॅब. ऐंशी-नव्वदच्या दशकात मागे जोडलेली स्लॅबची खोली बऱ्याच घरांना असते. खाडीची किंवा समुद्राची वाळू वापरली असेल तर आतलं लोखंड गंजून खालचं काँक्रीट सुटतं. छताला खालून काठीने ठोकत जा. इंजिनीअरकडून रिबाउंड हॅमरची चाचणी इथे करून घ्या, चिऱ्याच्या भिंतीला तिचा उपयोग नाही.

मागचा उतार. डोंगर कापून जोतं काढलेलं असेल तर घरामागे किती उभा काप आहे, त्यातून पाणी झिरपतं का, वरची झाडं कलली आहेत का, जमिनीत लांब भेग आहे का, हे बघा. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही दरडी जुलैमधल्याच. नदीकाठी असाल तर २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या म्हातारीला विचारा, ती भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

इंजिनीअरकडून लेखी अहवाल घ्या, आणि त्यात तीन याद्या मागा: लगेच न केल्यास धोका, दोन वर्षांत करावं लागेल, राहिलं तरी चालेल. प्रत्येकापुढे अंदाजे खर्च. ‘घर सुस्थितीत आहे’ या एका ओळीच्या दाखल्याला अर्थ नाही.

## टप्पा ८: पाणी, वाट, वीज

विहीर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बघा. दोरीला दगड बांधून पाणी किती हात आहे ते मोजा, पंप लावून उपसा आणि किती वेळात परत भरतं ते पाहा. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. संडासाची टाकी विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर ती हलवण्याचा खर्च धरा.

वाट गाव नकाशावर आहे का बघा. नसेल आणि ती दुसऱ्याच्या जमिनीतून येत असेल, तर ‘आमचं कधी कोणी अडवलं नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. अडवलं नाही ते भाऊबंदाला, तुम्ही बाहेरचे. वाटेचा हक्क नोंदवून घ्या, रुंदीसकट. चालत जायची वाट आणि टेम्पो जाईल अशी वाट यातला फरक दुरुस्तीचं सामान येतं त्या दिवशी कळतो.

मीटर कोणाच्या नावावर आहे, थकबाकी आहे का, अर्थिंग आहे का. एवढं पुरे.

खाडी-समुद्राजवळ असाल तर सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) घर येतं का, आणि दुरुस्ती व वाढीव बांधकामाला काय चालतं, हे खरेदीआधी लेखी विचारा. केंद्र सरकारने संरक्षित केलेला किल्ला किंवा स्मारक शेजारी असेल तर पहिल्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला मनाई असते आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते.

जाता जाता गावकीतही विचारा. शिमग्यात पालखी तुमच्या खळ्यात थांबते का? परसातल्या धोंड्याला कोणी नारळ देतं का? हे कुठल्याच कागदावर नसतं, पण खळ्याला कुंपण घालायचा बेत असेल तर आधी माहीत हवं.

## टप्पा ९: खरेदीखत आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या, जाहीर नोटीस द्या. मग खरेदीखताचा मसुदा हातात घेऊन चतुःसीमेचा परिच्छेद वाचा. तो बहुधा जुन्या दस्तावरून जसाच्या तसा उतरवलेला असतो, ‘पूर्वेस अमक्याची जमीन’, आणि तो अमका वारून चाळीस वर्षं झालेली असतात. चतुःसीमा क प्रतीवरून नव्याने लिहायला लावा, क प्रत दस्ताला जोडा. घराचा नंबर, विहिरीतला हिस्सा, वाट, झाडं हे प्रत्येक नाव घेऊन लिहा. ‘त्यातील झाडझाडोऱ्यासह’ यात कलमांवरून उद्या भांडण होऊ शकतं, आकडा घाला.

नोंदणी झाली की फेरफारासाठी तलाठ्याकडे चौकशी करा. नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. घरपट्टी आणि मीटर नावावर करण्याचे अर्ज त्याच आठवड्यात टाका. आणि मोजणीच्या खुणांवर चिरे रोवले नसतील तर ते काम आधी करा, शेजाऱ्याला समोर उभं करून. लाकडी खुंट्या एका पावसाळ्यात रानात जातात, आणि मग नव्याने फी भरावी लागते.